औषध राष्ट्राचे, छप्पर बाजाराचे

आजारी माणसाला औषधोपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे म्हटले तर तुमच्यापैकी कोणी नाही म्हणणार नाही. गाठीला पैसा नाही म्हणून माणूस मरावा, हे कोणाही विचारी माणसाला पटणारे नाही. पण याच विचाराला धरून पुढचा एक प्रश्न विचारला की भले भले अडखळतात. तो प्रश्न असा: ज्या समाजाने औषधाचा हक्क मान्य केला, पण घराचा हक्क मान्य केला नाही, त्याने माणसाला आरोग्याचा हक्क खरोखर दिला असे म्हणता येईल काय? रोग्याला बरे करून पुन्हा त्याच ओल्या, कोंदट, दाटीच्या खोलीत किंवा थेट रस्त्यावर धाडणारे राष्ट्र आपले कर्तव्य पार पाडते, की कर्तव्याचा देखावा करते?

हा प्रश्न तपासण्यासाठी आपण कॅनडा या देशाकडे पाहू. कॅनडाच का? कारण जेथे डॉक्टरची आणि रुग्णालयाची सेवाही विकत घ्यावी लागते, तेथे सगळा दोष रोग्याच्या रिकाम्या खिशावर जातो आणि घराचा प्रश्न त्याआड दडून राहतो. कॅनडात तसे नाही. तेथे डॉक्टरने तपासले किंवा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तर रोग्याच्या हाती बिल पडत नाही. म्हणजे प्रश्नाचा अर्धा भाग त्या देशाने सोडविला आहे. उरलेला अर्धा भाग न सोडविल्याने काय होते, ते तेथे स्वच्छ दिसते.

दान आणि हक्क

हा अर्धा भाग सुटला कसा, ते प्रथम समजून घ्या. टॉमी डग्लस नावाचा एक मुलगा १९०४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि आईबापांबरोबर कॅनडातील विनिपेग शहरी आला. त्याच्या पायाच्या हाडाला रोग जडला. तज्ज्ञ डॉक्टरची फी देण्याची आईबापांची ऐपत नव्हती. पाय कापण्याची पाळी आली होती. तेवढ्यात एका नामांकित शल्यचिकित्सकाने तयारी दाखविली की, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ही शस्त्रक्रिया दाखवू दिली तर मी ती फुकट करीन. पाय वाचला. पण पुढे मोठेपणी डग्लस यांना हीच गोष्ट सलत राहिली. आपला पाय वाचला तो नशिबाने, एका माणसाच्या मर्जीने वाचला. ज्या मुलाला असा डॉक्टर भेटला नाही, त्याचे काय?

दान आणि हक्क यांतील फरक येथे नेमका दिसतो. दान देणाऱ्याच्या इच्छेवर चालते आणि घेणाऱ्याची मान खाली घालते. हक्क मागणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. डग्लस १९४४ साली सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १९४७ च्या जानेवारीपासून त्या प्रांतात रुग्णालयाच्या खर्चाचा सार्वजनिक विमा सुरू झाला. डॉक्टरांच्या फीसाठीची योजना १ जुलै १९६२ रोजी अमलात आली. त्या वेळी डग्लस केंद्रीय राजकारणात गेले होते आणि वूड्रो लॉईड मुख्यमंत्री होते. त्याच दिवशी प्रांतातील डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, पण योजना मागे घेतली नाही. पुढे १९६६ साली देशाच्या संसदेने वैद्यकीय सेवेचा कायदा केला, आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्या योजनेत आले. १९८४ साली कॅनडा आरोग्य कायदा एकमताने मंजूर झाला. त्याची पाच तत्त्वे आहेत: कारभार सार्वजनिक असावा, आवश्यक ती सर्व वैद्यकीय सेवा त्यात यावी, प्रत्येक रहिवाशाला ती मिळावी, माणूस एका प्रांतातून दुसऱ्यात गेला तरी हक्क तुटू नये, आणि पैशाची आडकाठी उभी राहू नये. जो प्रांत रोग्याकडून जादा पैसे उकळू देईल, त्याचे तितके अनुदान मध्यवर्ती सरकार कापून घेते.

ही मोठी गोष्ट आहे, आणि तिला मोठी म्हणण्यात आपण हात आखडता घेऊ नये.

आजची स्थिती

आता आजचा हिशेब पाहू. अमेरिकेतील कॉमनवेल्थ फंड ही संस्था श्रीमंत देशांच्या आरोग्यसेवेची तुलना करते. २०२१ साली ११ देशांत कॅनडाचा क्रमांक १० वा लागला. त्याच्याखाली फक्त अमेरिका होती. २०२४ साली १० देशांत तो ७ वा होता. २०२२ च्या सुमारास झालेल्या मोठ्या पाहणीत असे आढळले की, देशातील ६० लाखांहून अधिक प्रौढ माणसांना नेहमीचा फॅमिली डॉक्टरच नाही. म्हणजे पाचांत एकाहून जास्त. फ्रेझर इन्स्टिट्यूट या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे फॅमिली डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठविल्यापासून प्रत्यक्ष उपचार होईपर्यंत १९९३ साली साधारण ९ आठवडे लागत, २०२४ साली ३० आठवडे लागले. ही संस्था खाजगी बाजाराच्या बाजूची आहे आणि तिचे आकडे डॉक्टरांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर उभे आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. पण रोगी ताटकळतात हे सरकारी आकडेही सांगतात. त्याविषयी वाद नाही.

मग लोक कारणे सांगतात. कोणी म्हणतो पैसा कमी पडतो, कोणी म्हणतो डॉक्टर कमी आहेत, खाटा कमी आहेत. कोणी म्हणतो, हे सरकारी खूळ सोडा आणि खाजगी दवाखान्यांना मोकळीक द्या. यांतील काही कारणे खरी आहेत. खाटा खरोखरच कमी आहेत, हजार लोकांमागे अडीचच्या आसपास. तरी हे सगळे बोलणे रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आतले आहे. रोगी रुग्णालयात येतो कोठून आणि तेथून जातो कोठे, हे या चर्चेत कोणी विचारीत नाही. तो घरातून येतो आणि त्याने घरी जायचे असते. म्हणून आपण घराकडे जाऊ.

घराचा भाव

२०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात कॅनडात विकल्या गेलेल्या घराची सरासरी किंमत ८ लाख डॉलरच्या वर गेली होती. त्यानंतर ती उतरली, पण सामान्य माणसाच्या आवाक्यात आली नाही. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील मधल्या कुटुंबाचे, कर वजा जाता, वर्षाचे उत्पन्न ७३ हजार डॉलर होते. भागाकार तुम्हीच करा. त्या कुटुंबाने एक घास न खाता सगळे उत्पन्न साठविले, तरी त्या भावाचे घर घ्यायला त्याला अकरा वर्षे लागतील. ही सरासरी झाली. व्हँकुव्हर आणि टोरंटो येथील भाव याहून पुष्कळ चढे आहेत. ज्याला घेणे जमत नाही तो भाड्याने राहतो. त्या देशात उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घरावर खर्च होऊ लागली, तर ते घर परवडत नाही असे मानतात. भाडेकऱ्यांपैकी तीनांत एक कुटुंब २०२१ साली या रेषेपलीकडे होते. २०२३ साली भाड्यासाठी बांधलेल्या सदनिकांपैकी १०० मागे जेमतेम दीड रिकामी होती. भाडेकरू शंभर आणि रिकामी खोली दीड, अशा जागी भाव कोण ठरविणार, हे सांगायला नको.

आता हा भाव आरोग्यसेवेला कसा नडतो, ते एकेक करून पाहा.

पहिली गोष्ट, घरच माणसाला आजारी पाडते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. चीनमधील ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते आणि ज्या कामात ते १९४२ साली वारले, त्या रुग्णालयाला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव होते. हे बेथून कॅनडाचे. १९२६ साली त्यांना स्वतःला क्षय झाला आणि उपचाराने ते बरे झाले. पुढे माँट्रियलमध्ये छातीच्या रोगांवर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण बरे केलेला गरीब रोगी पुन्हा त्याच गरिबीत जातो आणि पुन्हा आजारी पडतो. क्षयाचा एक जंतू फुफ्फुसात असतो, तर दुसरे कारण त्याच्या राहणीत असते. म्हणून १९३६ च्या सुमारास त्यांनी आरोग्यसेवा राष्ट्राने चालवावी अशी मागणी केली. ती मागणी पुढे कॅनडाने मान्य केली. पण बेथून यांच्या निरीक्षणातील दुसरा भाग, म्हणजे राहणीचा, बाजूलाच राहिला.

त्याचा पुरावा उत्तरेच्या बर्फाळ मुलखात आहे. तेथे इन्युइट हे मूळचे लोक राहतात. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे त्यांच्या मायभूमीतील निम्म्याहून अधिक इन्युइट लोक दाटीच्या घरांत राहत होते. आणि त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण? कॅनडात जन्मलेल्या, मूळनिवासी नसलेल्या लोकांच्या जवळजवळ ३०० पट, असे २०१६ च्या आकड्यांवरून दिसले. औषध तेच, कायदा तोच, नागरिकत्व तेच. २०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइट येथे जाऊन, १९४० ते १९६० च्या दशकांत क्षयाच्या उपचारासाठी इन्युइट लोकांना घरादारापासून तोडून नेताना जी वागणूक दिली गेली तिच्याबद्दल, राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. माफी चांगलीच. पण एका खोलीत पुष्कळ माणसे निजत असतील, तर माफीने जंतू थांबत नाही.

दक्षिणेतही हेच. २०२१ च्या जूनअखेरीस ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भयंकर लाट आली आणि ६१९ माणसे दगावली. चौकशीत काय निघाले? शंभरांतील ९८ मृत्यू घराच्या आत झाले. मेलेल्यांपैकी बहुतेक म्हातारे होते, निम्म्याहून अधिक एकटे राहत होते, आणि पुष्कळांची घरे गरीब वस्त्यांत होती, जेथे थंडावा देणारे यंत्र नव्हते. रुग्णालय त्यांना वाचवू शकले नाही, कारण ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांना घराने मारले.

दुसरी गोष्ट, बऱ्या झालेल्या रोग्याला खाट सोडता येत नाही. कॅनडाच्या रुग्णालयांतील खाटांचे सुमारे १५ टक्के दिवस अशा रोग्यांवर खर्च होतात, ज्यांना रुग्णालयाची गरज उरलेली नसते. त्यांना वृद्धाश्रमात जागा मिळालेली नसते, घरी येऊन काळजी घेणारे कोणी नसते, किंवा परत जायला योग्य घरच नसते. डॉक्टर त्यांना रस्त्यावर सोडू शकत नाहीत. मग वरची खाट रिकामी होत नाही, म्हणून खाली तातडीच्या विभागात आलेला रोगी स्ट्रेचरवर पडून राहतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, रुग्णालयाचा कारभार बिघडला. खरे पाहता रुग्णालयाच्या बाहेरचे काही बिघडलेले असते.

तिसरी गोष्ट, सेवा करणाऱ्याला राहायला जागा नसते. डॉक्टरला एका तपासणीमागे किती पैसे द्यायचे, हे प्रांताप्रांताने ठरते. प्रांतातील स्वस्त गावात आणि महाग शहरात दर जवळपास सारखाच. पण दवाखान्याचे भाडे, मदतनिसांचे पगार आणि स्वतःचे घर हा खर्च डॉक्टरला त्या त्या गावच्या भावाने करावा लागतो. मग महाग शहरात फॅमिली डॉक्टर दवाखाना कशाला थाटील? ब्रिटिश कोलंबियाने २०२३ साली फॅमिली डॉक्टरांच्या मोबदल्याची पद्धतच बदलली. त्या प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया. तिच्या शेजारच्या कोलवूड या लहान शहराच्या नगरपालिकेने तर स्वतःच दवाखाना काढून डॉक्टरांना नगरपालिकेचे नोकर म्हणून घेतले. तो दवाखाना २०२५ साली उघडला. डॉक्टरची ही गत, तर परिचारिकेची आणि म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या मदतनीस बाईची काय असेल, याचा विचार करा. तिचा पगार डॉक्टरच्या पगाराच्या जवळपासही नसतो.

चौथी गोष्ट, राष्ट्राची सरासरी गल्लीतील सत्य झाकते. हॅमिल्टन हे ओंटारिओ प्रांतातील पोलादाचे शहर. तेथील वृत्तपत्राने २०१० साली वस्तीवार मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत वरची वस्ती आणि सर्वांत खालची वस्ती, यांतील माणसांच्या मृत्यूच्या सरासरी वयात २१ वर्षांचा फरक निघाला. एकच शहर, एकच कायदा, एकच आरोग्यपत्र. अंतर काही किलोमीटरचे, आणि आयुष्यातला फरक एका पिढीचा.

बोललेले आणि केलेले

तुम्ही म्हणाल, कॅनडाच्या राज्यकर्त्यांना हे ठाऊक नसेल. त्यांना ते पुरते ठाऊक होते. १९८६ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच राजधानीत, ओटावा येथे, जागतिक आरोग्य संघटनेची परिषद भरली आणि एक सनद संमत झाली. आरोग्यासाठी आधी काय काय हवे, याची यादी त्या सनदेत आहे. शांततेच्या पाठोपाठ तीत निवारा येतो. शिक्षण, अन्न, उत्पन्न ही त्यानंतर. जगाने हा पाठ कॅनडाच्या भूमीवर गिरविला.

आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १९९३ साली, कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने तूट भरून काढण्यासाठी नव्या सार्वजनिक घरांना मदत देणे थांबविले. पुढे १९९६ पासून जुनी घरेही प्रांतांकडे सोपविण्यास सुरुवात झाली. आज त्या देशातील एकूण घरांत अशी अल्प भाड्याची सामाजिक घरे शेकडा चारांच्याही आत आहेत. उपचारासाठी थांबण्याचा ९ आठवड्यांचा आकडाही १९९३ चाच आहे. पण एकाच वर्षाचे दोन आकडे शेजारी दिसले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. लोकसंख्या वाढली, म्हातारे वाढले, डॉक्टरांच्या शिक्षणाच्या जागा त्या दशकात कमी केल्या गेल्या, ही कारणेही आहेत. आपला दावा एवढाच आहे की, घर हे त्यांतील एक मोठे कारण आहे आणि हिशेबातून नेमके तेच वगळले जाते.

दोष कोणाचा?

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. समजा, एका चांगल्या शहरात निवृत्त नवरा-बायको राहतात. आयुष्यभर कष्ट करून त्यांनी घर फेडले. तेच त्यांचे म्हातारपणचे पेन्शन. शेजारच्या जागेवर चार मजली भाड्याची इमारत उभी राहणार असे कळते. ते नगरपालिकेच्या सुनावणीला जातात आणि विरोध करतात. गर्दी होईल, गल्लीचे रूप बिघडेल, घराची किंमत उतरेल. सगळी गल्ली त्यांच्यामागे उभी राहते. इमारत होत नाही. त्या इमारतीत जी राहायला आली असती, ती मदतनीस बाई दोन तासांवरच्या गावात जाते आणि काही महिन्यांनी ही नोकरीच सोडते. पुढे त्या नवऱ्याचे कंबरेचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, पण घरी येऊन काळजी घ्यायला माणूस मिळत नाही. तो आठवडे न् आठवडे खाट अडवून राहतो. ज्याला ती खाट हवी होती, तो खाली ताटकळतो.

यात दुष्ट कोण? कोणीच नाही. नवरा-बायकोंनी कायद्याने दिलेला हक्क बजावला. नगरपालिकेने मतदारांचे ऐकले. प्रांत म्हणतो, जमिनीचे नियम नगरपालिकेचे. नगरपालिका म्हणते, पैसा प्रांताकडे. मध्यवर्ती सरकार म्हणते, राज्यघटनेप्रमाणे रुग्णालये आणि मालमत्ता हे प्रांताचे विषय. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाचे बोलणे कायद्याने बरोबर. तरी एक माणूस स्ट्रेचरवर पडून आहे.

ज्या अन्यायाला चेहरा नसतो तो अन्यायच नव्हे, असे मानण्याची आपल्याला सवय असते. मारणारा दिसला तर आपण त्याला धरतो. पण एखादी रचनाच अशी असते की तीत प्रत्येक जण आपल्यापुरते वाजवी वागतो आणि सगळे मिळून एखाद्याचा जीव घेतात. अशा वेळी हेतू काय होता हे विचारून भागत नाही. दोन प्रश्न विचारावे लागतात. या रचनेचा फायदा कोणाला होतो? आणि ती बदलण्याची शक्ती कोणाच्या हाती आहे? ज्याला फायदा होतो आणि ज्याच्या हाती शक्ती आहे, त्याची जबाबदारी मोठी. त्या नवरा-बायकोंना आपण गुन्हेगार ठरविणार नाही. पण ते जबाबदारीतून मोकळे आहेत असेही म्हणता येणार नाही. नगरपालिकेची जबाबदारी त्यांच्याहून अधिक, प्रांताची त्याहून अधिक, आणि ज्याने १९९३ साली हात काढून घेतला त्या मध्यवर्ती सरकारची सर्वांत अधिक.

आणि सर्वांत कमी कोणाची? नव्याने आलेल्या माणसाची. हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. अलीकडे कॅनडात घराच्या टंचाईचे खापर परदेशी विद्यार्थी आणि कामगार यांच्या डोक्यावर फोडले जाते. त्यांत भारतीयांचा भरणा मोठा आहे. आपल्या महाराष्ट्रातील मुलेही त्यांत आहेत. २०२३ साली तेथील लोकसंख्या एका वर्षात १२ लाखांहून अधिक वाढली हे खरे, आणि त्याने भाड्यांवर ताण आला हेही खरे. २०२४ च्या जानेवारीत सरकारने विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. पण राहण्याची सोय न पाहता परवाने दिले कोणी? विद्यार्थ्याने की सरकारने? एका तळघरात पाच-सहा जणांनी गाद्या टाकून राहणारा मुलगा त्या टंचाईचा बळी आहे. त्याला तिचा कर्ता म्हणणे हा उलटा न्याय झाला. तुमच्या घरातील कोणी तेथे शिकायला निघाले असेल, तर कॉलेजच्या फीबरोबर खोलीचे भाडेही आधी विचारून घ्या, एवढे सांगणे पुरे.

घर नसणे हा माणसावर बसणारा एक शिक्काही असतो. २००८ साली विनिपेगच्या एका मोठ्या रुग्णालयात मूळनिवासी समाजातील एक अपंग माणूस चाकाच्या खुर्चीत ३४ तास तपासणीची वाट पाहत बसला आणि तेथेच मेला. त्याला जो विकार होता तो बरा होण्यासारखा होता. चौकशीत पुढे आले की, काहींनी त्याला दारू पिऊन झोपलेला समजले, तर काहींना वाटले की हा बेघर माणूस निवाऱ्याला आला असेल. त्याच्याकडे हक्क होता. कायद्याची पाचही तत्त्वे त्याच्या बाजूची होती. पण ज्याला समाजाने आधीच घराबाहेरचा ठरविले, त्याला रुग्णालयात रोगी म्हणून ओळखलेही गेले नाही. माणसाकडे पाहून त्याची पायरी ठरविणाऱ्या नजरेपुढे कागदावरचा हक्क किती दुबळा असतो, हे तुम्हांला मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

तीन आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की, आजार माणूस ओढवून घेत नाही, घर मात्र आपल्या ऐपतीप्रमाणे निवडतो. म्हणून औषध समाजाने द्यावे, घर ज्याचे त्याने पाहावे. पण २०२३ सालासारख्या रिकाम्या खोल्या शंभरांत दीडच असल्या, तर निवड कसली? आणि निवडीचा मुद्दा लावायचाच, तर तंबाखूने आजारी पडलेल्याला कॅनडाचा कायदा दारातून परत पाठवीत नाही. निवारा ही गरज आहे. गरजेला निवड म्हटले की जबाबदारी झटकता येते, म्हणून ती तशी म्हटली जाते.

दुसरा आक्षेप असा की, आज घर दिले तर उद्या अन्न, परवा कपडे. हक्कांना शेवट कोठे? शेवट आहे. ज्याच्या अभावी दुसरा मान्य केलेला हक्क पोकळ होतो, ते द्यावेच लागते. औषधाचा हक्क दिला आणि औषध टिकायला घर दिले नाही, तर पहिला हक्क फुकट जातो. येथे आपण नवा हक्क मागत नाही. दिलेल्या हक्काचा अर्थ सांगतो आहोत. कॅनडाने २०१९ च्या कायद्यात पुरेशा निवाऱ्याला मूलभूत मानवी हक्क म्हणून मान्यता दिलीच आहे. आता कायदा आणि वस्तुस्थिती यांत जे अंतर आहे ते भरायचे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हे परवडेल काय? याचे उत्तर प्रयोगाने मिळाले आहे. २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरंटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या सुमारे २,००० बेघर माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील एका गटाला कोणतीही अट न घालता आधी घर दिले आणि मग उपचार व मदत. दुसऱ्या गटाला नेहमीच्या सोयी. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातील शंभरांपैकी ६२ जण सलग घरात टिकले होते, दुसऱ्या गटातील ३१. ज्यांची गरज फार मोठी होती, त्यांच्यावर खर्चलेल्या प्रत्येक १० डॉलरमागे रुग्णालय, निवारागृह, तुरुंग वगैरेंचे ९ डॉलर ६० सेंट वाचले. टोरंटोमध्ये तर युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्क या रुग्णालयसमूहाने महापालिका आणि इतरांच्या साहाय्याने वारंवार रुग्णालयात येणाऱ्या बेघर रोग्यांसाठी ५१ सदनिकांची इमारत उभारली. ती २०२४ साली उघडली, आणि पहिल्याच वर्षी तेथील रहिवाशांच्या तातडीच्या विभागातील खेपा निम्म्याच्या आसपास उतरल्या. डॉक्टर घराची चिठ्ठी लिहून देऊ लागला, असे म्हणा हवे तर.

पण येथे एका मोहापासून सावध राहा. त्याच पाच शहरांच्या प्रयोगात ज्यांची गरज मध्यम होती, त्यांच्याबाबतीत प्रत्येक १० डॉलरमागे साडेतीन डॉलरही वाचले नाहीत. मग काय त्यांना घर देऊ नये? बचत होते म्हणून हक्क द्यायचा असेल, तर बचत संपली की हक्कही संपेल. सस्कॅचेवानने १९६२ साली २३ दिवसांचा संप सोसला, तो बचतीसाठी नव्हे. माणसाचा जीव त्याच्या पाकिटाशी बांधलेला असू नये, या तत्त्वासाठी सोसला. बचत हा चांगला पुरावा आहे. तो पाया मात्र नव्हे.

मग निष्कर्ष काय? कॅनडाची आरोग्यव्यवस्था फसली, असे आपण म्हणत नाही. ती फसली म्हणून ती बाजाराला विका, असे तर मुळीच म्हणत नाही. उलट, तिच्यातील जो भाग बाजाराच्या हाती राहिला, म्हणजे घर, तोच तिला खाली ओढतो आहे. आजार रुग्णालयात बरा होत असेल, पण आरोग्य वस्तीत तयार होते. राष्ट्राने रुग्णालय आपल्या हाती घेतले आणि वस्ती बाजारावर सोडली. त्या देशाची खरी दुखणी तेथून सुरू होतात.

म्हणून, वाचक बंधू-भगिनींनो, कोणताही देश, कोणतेही सरकार आरोग्याची घोषणा करील, तेव्हा खाटा किती, डॉक्टर किती, यंत्रे किती, एवढ्यावर समाधान मानू नका. ते प्रश्न विचारा, आणि त्यांच्या जोडीला आणखी तीन विचारा. रोगी आला तो कसल्या घरातून आला? बरा झाल्यावर तो कसल्या घरात जाणार? आणि ज्या बाईने रात्रभर त्याची शुश्रूषा केली, ती सकाळी किती लांब जाऊन निजणार? या तीन प्रश्नांची उत्तरे जो देश ताठ मानेने देऊ शकेल, त्यानेच आरोग्याचा हक्क दिला असे समजा. बाकीच्यांनी औषध दिले. तेही थोडे नव्हे, पण तेवढ्याने माणूस निरोगी होत नाही.